आधी मथळे, मग पुस्तक

ब्रिटनच्या राजपुत्राचं आत्मचरित्र पहिल्यांदा विकलं गेलं ते स्पेनमध्ये, आणि तेही चुकून. प्रिन्स हॅरीचं 'स्पेअर' १० जानेवारी २०२३ रोजी एकाच दिवशी सोळा भाषांत बाजारात यायचं होतं. प्रकाशक पेंग्विन रँडम हाउसने गुप्ततेचा कडेकोट बंदोबस्त ठेवला होता. पण स्पेनमधल्या काही दुकानदारांनी ५ तारखेलाच खोकी फोडून प्रती मांडून टाकल्या. बातमीदार त्यांवर तुटून पडले आणि स्पॅनिश मजकुराचं रातोरात पुन्हा इंग्रजी झालं. राजपुत्राने इंग्रजीत सांगितलेली कहाणी त्याच्याच देशबांधवांनी आधी वाचली ती अशी उलटसुलट भाषांतरातून, तुकड्यातुकड्यांनी. त्याच सुमारास 'गार्डियन'च्या हातीही प्रत लागली होती आणि त्यांनी विल्यम-हॅरीच्या झटापटीचा प्रसंग छापला होता.

हे घडलं नसतं तर लोकांची प्रतिक्रिया वेगळी झाली असती का? माझ्या मते, बरीचशी. पुस्तक चारशे पानांचं. लोकांपर्यंत आधी पोहोचले ते आठ-दहा मथळे. थोरल्या भावाने गळपट्टी धरून जमिनीवर पाडलं, कुत्र्याच्या खाण्याचं भांडं पाठीखाली फुटलं. सतराव्या वर्षी कोकेन घेतलं. अफगाणिस्तानात पंचवीस जणांना मारलं. उत्तर ध्रुवाच्या मोहिमेत नको त्या अवयवाला हिमदंश झाला आणि त्याच अवस्थेत भावाच्या लग्नाला उभं राहावं लागलं. अशा मालावर कुठल्या संपादकाचा हात आखडेल? अमेरिकेतल्या रात्रीच्या विनोदी कार्यक्रमांना तर या हिमदंशाने कित्येक दिवसांची बेगमी करून दिली.

मूळ पुस्तक वाचणाऱ्याला मात्र सुरुवातीलाच भेटतो तो बारा वर्षांचा मुलगा. ३१ ऑगस्ट १९९७ च्या पहाटे वडील त्याच्या पलंगाच्या कडेवर बसून आई गेल्याचं सांगतात आणि मिठी मात्र मारत नाहीत. पुढे कित्येक वर्षं हा मुलगा मनाची समजूत घालत राहतो, की आई मेलेली नाही, पत्रकारांना चुकवून कुठेतरी लपून बसली आहे. तेविसाव्या वर्षी पॅरिसला गेल्यावर तो ड्रायव्हरला सांगून, आई डायनाचा अपघात झाला त्याच बोगद्यातून, अपघाताच्या वेळी होता असं सांगितलं गेलेल्या वेगाने, गाडी न्यायला लावतो. हा भाग मथळ्यांत मावणारा नव्हता.

पुस्तकाचं शब्दांकन जे. आर. मोरिंगर यांचं. टेनिसपटू आंद्रे आगासीचं 'ओपन' याच हातचं. मोरिंगर यांनी नंतर 'न्यू यॉर्कर'मध्ये लिहिलेल्या लेखात, न उच्चारलेले शब्द कसे माथी मारले गेले, याचं एक उदाहरण दिलं आहे. हॅरीच्या विमान-प्रशिक्षकाने पुस्तकातला प्रसंग ही निव्वळ कल्पना असल्याचं म्हटलं, अशी बातमी एका ब्रिटिश वृत्तपत्राने दिली. काही तासांत त्या प्रशिक्षकानेच बातमीखाली लांबलचक खुलासा लिहिला, की हे शब्द माझ्या तोंडून निघालेलेच नाहीत.

पण सगळा दोष वृत्तपत्रांवर ढकलून हॅरीची सुटका होत नाही. काही चुका त्याच्या पदरच्या आहेत. आईने मृत्यूपूर्वी घेऊन ठेवलेली वाढदिवसाची भेट म्हणून १९९७ साली आपल्याला एक्सबॉक्स मिळाल्याचं तो सांगतो. एक्सबॉक्स बाजारात आला २००१ साली. सासऱ्यांसाठी मेक्सिकोहून ब्रिटनला येणाऱ्या एअर न्यूझीलंडच्या फर्स्ट क्लासचं तिकीट काढल्याचं पुस्तकात आहे. आपली अशी विमानसेवा कधी नव्हती आणि आपल्याकडे फर्स्ट क्लासही नाही, असं कंपनीने कळवलं. स्मृती अशीच चालते, हे खरं. पण ज्याच्या शब्दावर दोन घराणी आणि अर्धा डझन वृत्तपत्रं आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहणार, त्याने तारखा तपासून घ्यायला हव्या होत्या.

अफगाणिस्तानच्या आकड्याने तर त्याचे हक्काचे मित्रही दुरावले. शत्रू हा बुद्धिबळाच्या पटावरून उचलायचा मोहरा आहे असं समजायला सैन्य शिकवतं, हे तो सांगत होता. त्यावर तालिबानच्या अनस हक्कानीने, ते मोहरे नव्हते, माणसं होती, असं सुनावलं. दुसरीकडून ब्रिटनचे निवृत्त कर्नल चिडले, कारण लढाईत मारलेली माणसं जाहीरपणे मोजायची नाहीत हा त्यांच्यातला अलिखित दंडक. आपण बढाई मारली हे खोटं आहे, असं हॅरी अमेरिकी दूरचित्रवाणीवर सांगत राहिला. पण तो खुलासा मथळ्यांनंतर आला होता.

मला स्वतःला याहून खटकतं ते वेगळंच. माझ्या खासगी आयुष्यात लुडबूड झाली, ही ज्याची आयुष्यभराची तक्रार, त्याने वडिलांची नि भावाची बंद दाराआडची बोलणी छापावीत? पबमागच्या शेतातल्या आपल्या पहिल्या शरीरसंबंधाचाही त्याने उल्लेख केला. त्या स्त्रीचं नाव लिहिलं नाही, पण तिचा शोध घेण्याची शर्यत वृत्तपत्रांत लगेच सुरू झाली. कुणाचं खासगीपण कुणी सांभाळायचं, हा प्रश्न तिथे लेखकाकडेही वळतो. दोन महिन्यांत 'साउथ पार्क' या अमेरिकी व्यंगमालिकेने याच विसंगतीवर आख्खा भाग केला: खासगीपणाची मागणी करत जगभर जाहीर दौरा काढणारं जोडपं.

आता विक्रीकडे पाहा. १० जानेवारीच्या मध्यरात्री लंडनमध्ये काही दुकानं मुद्दाम उघडली, तेव्हा गिऱ्हाईक मोजकं आणि कॅमेरेवाले उदंड, असं दृश्य होतं. पुस्तक कोण घेणार, असा सूर निघाला. संध्याकाळपर्यंत ब्रिटनमध्येच सगळ्या स्वरूपांत मिळून चार लाख प्रती गेल्या होत्या. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा मिळून पहिल्या दिवसाचा आकडा १४ लाख ३० हजार आणि पहिल्या आठवड्यात जगभरात ३२ लाख. २८ पौंडांचं पुस्तक पहिल्याच दिवशी निम्म्या किमतीत मिळत होतं, याचाही हातभार लागला असणार. पहिल्या दिवशी याहून जास्त खपलेली पुस्तकं आम्हाला ठाऊक आहेत ती दुसऱ्या हॅरीची, म्हणजे पॉटरची, असं प्रकाशकांनी मिश्कीलपणे सांगून टाकलं. स्विंडनच्या एका छोट्या दुकानदाराने काचेच्या कपाटात 'स्पेअर'च्या शेजारी बेला मॅकीची 'हाउ टू किल युवर फॅमिली' ही कादंबरी मांडली आणि ते छायाचित्र जगभर फिरलं.

आणि त्याच आठवड्यात यूगॉव्हच्या पाहणीत हॅरीबद्दल चांगलं मत असलेले ब्रिटिश निघाले २४ टक्के, वाईट मत असलेले ६८ टक्के. वय वाढेल तशी नाराजी वाढत गेलेली. पुस्तक विक्रम मोडतंय आणि लेखक लोकांच्या मनातून उतरतोय! विकत घेणारे सगळे चाहते होते, असं मानणंच चुकीचं. शेजारच्या घरात भांडण जुंपलं की आपण खिडकी लावून घेतो आणि फटीला कान लावतो. ब्रिटनने तेच केलं, फक्त खिडकीचे पैसे मोजून. तरी कुतूहलालाही मर्यादा असते. ८ जानेवारीला आयटीव्हीवर टॉम ब्रॅडबींनी घेतलेली हॅरीची मुलाखत लागली, तेव्हा समोर बीबीसीवर 'हॅपी व्हॅली' ही पोलिसी मालिका होती. जास्त प्रेक्षक मालिकेला मिळाले.

बकिंगहॅम आणि केन्सिंग्टन, दोन्ही राजवाडे गप्प राहिले. ही त्यांची जुनी रीत, आणि ती त्यांना फळली आहे. १९५० साली एलिझाबेथ-मार्गारेटच्या गव्हर्नेस मॅरियन क्रॉफर्ड यांनी 'द लिटल प्रिन्सेसेस' लिहिलं. आज वाचलं तर त्यात कौतुकाशिवाय फारसं काही सापडत नाही. तरी घराण्याने त्यांच्याशी संबंध तोडले ते कायमचे. १९८८ साली त्या वारल्या, तोवर समेट झाला नाही. सेवेबद्दल त्यांना राहायला मिळालं होतं ते केन्सिंग्टनच्या आवारातलं नॉटिंगहॅम कॉटेज. विल्यम-हॅरीची २०१९ची ती झटापट झाली तीही याच घरात. क्रॉफर्ड यांच्या पुस्तकानंतर, १९९२ साली, डायनाने अँड्र्यू मॉर्टनच्या पुस्तकासाठी मित्राकरवी गुपचूप ध्वनिफिती पोहोचवल्या. हॅरॉड्सने ते पुस्तक विकायलाच नकार दिला. तेव्हा निदान आपला हात लपवण्याची सोय होती. मुलाने ती सोय नाकारली आणि पुस्तक स्वतःच्या आवाजात वाचून ध्वनिमुद्रितही केलं. पंधरा तासांहून मोठं ते वाचन ऐकणाऱ्याला, मथळ्यांतला उर्मट हॅरी कमी आणि दुखावलेला हॅरी जास्त भेटतो.

आपल्याकडे या घराण्याविषयी एक खेळकर जवळीक आहे. चार्ल्स-कॅमिला यांच्या २००५च्या लग्नाला मुंबईचे दोन डबेवाले पाहुणे होते. हॅरी-मेगनच्या २०१८च्या लग्नात आहेराऐवजी ज्या सात संस्थांना देणग्या द्या असं सांगितलं गेलं, त्यांत मुंबईच्या वस्त्यांत काम करणारी मैना महिला फाउंडेशन होती आणि डबेवाल्यांनी नवरीसाठी पैठणी घेतली होती. घरातल्या माणसाने घरातलं लिहिल्यावर होणारी खळबळही मराठी वाचकाला नवी नाही. सुनीता देशपांडे यांचं 'आहे मनोहर तरी' १९९० साली आलं, तेव्हा पुलंवर जीव टाकणाऱ्या कितीतरी वाचकांना ते आपल्यावरचाच हल्ला वाटलं होतं. फरक असा, की आपल्या वाचकांनी पुस्तक वाचून भांडण केलं.

हॅरीच्या मुख्य आरोपाकडे मात्र या गदारोळात कुणी धड पाहिलं नाही. राजघराण्यातले लोक स्वतःची प्रतिमा जपण्यासाठी एकमेकांच्या बातम्या टॅब्लॉइडांना पुरवतात आणि टॅब्लॉइडं त्यासाठी कायदा मोडतात, असं तो सांगत होता. पहिल्या अर्ध्याचा निवाडा करायला कुठलं न्यायालय नाही. दुसऱ्याचा झाला. १५ डिसेंबर २०२३ रोजी न्यायमूर्ती फॅनकोर्ट यांनी हॅरीच्या दाव्यात मिरर समूहाविरुद्ध निकाल दिला, तपासलेल्या ३३ बातम्यांपैकी १५ बेकायदा मार्गांनी मिळवलेल्या ठरवल्या आणि १,४०,६०० पौंड भरपाई दिली. जानेवारी २०२५ मध्ये मर्डॉक यांच्या न्यूज ग्रुपनेही तडजोड करून हॅरीची आणि डायनाच्या बाबतीतलीही माफी मागितली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये 'स्पेअर'ची कागदी बांधणीची आवृत्ती आली. नवं प्रकरण, नवी प्रस्तावना, काही नाही. पहिला मसुदा आठशे पानांचा होता, वडिलांबद्दलच्या आणि भावाबद्दलच्या काही गोष्टी आपण वगळल्या, कारण त्या छापल्या तर ते कधीच क्षमा करणार नाहीत, असं हॅरीने प्रकाशनाच्या आठवड्यातच 'टेलिग्राफ'ला सांगितलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये तो क्लॅरेन्स हाउसमध्ये वडिलांना भेटला, दीड वर्षाहून जास्त काळाने. भावाची भेट त्या फेरीत झाली नाही.