विंडोज नेमकी कुठे अडते?

टप्प्यांची साखळी

सुटे भाग घेऊन जोडलेल्या संगणकात विंडोज टाकताना आलेला अडथळा बहुतेक वेळा विंडोजचा नसतो. तयार विकल्या जाणाऱ्या संगणकात मदरबोर्ड, डिस्क, फर्मवेअर आणि ड्रायव्हर यांचा मेळ कारखान्यातच घातलेला असतो. असेंबल्ड संगणकात ते काम जोडणाऱ्याकडे येते. वीज मिळताच फर्मवेअर प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स तपासते, मग बूट होऊ शकणारे माध्यम शोधते आणि त्यावरच्या बूटलोडरकडे सूत्रे सोपवते. बूटलोडर इन्स्टॉलरला मेमरीत आणतो. इन्स्टॉलर डिस्कवर पार्टिशन पाडतो, फाइली उतरवतो, नवा बूटलोडर बसवतो आणि संगणक पुन्हा सुरू करतो. दोष एका टप्प्यावर दिसतो, पण त्याचे कारण पुष्कळदा आधीच्या टप्प्यात दडलेले असते. म्हणून पडद्यावरचा त्रुटीसंदेश वाचताना तो कोणत्या टप्प्यावर आला, याची नोंद आधी घ्यावी लागते.

पडदा काळा राहणे

येथे इन्स्टॉलरचा संबंध अजून आलेलाच नसतो. आजच्या बऱ्याच मदरबोर्डवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार बारीक दिवे असतात; तपासणी ज्या भागापाशी थांबते, त्याचा दिवा लागून राहतो. डीरॅमचा दिवा लागला म्हणजे रॅम बिघडलीच असे नाही. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा सुरू होताना फर्मवेअर तिच्या संदेशांची वेळ जुळवत बसते आणि त्यात काही मिनिटे जातात. घाईने वीज तोडली की हे काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसते. त्यामुळे मॉनिटरची केबल मदरबोर्डला जोडली तर चित्र येणारच नाही, ती ग्राफिक्स कार्डालाच हवी. मदरबोर्ड प्रोसेसरपेक्षा जुना असेल, तर बायॉस, म्हणजे हेच फर्मवेअर, अद्ययावत केल्याशिवाय प्रोसेसर बहुधा ओळखला जात नाही. रायझन ५००० मालिका २०२० च्या अखेरीस आली तेव्हा त्याआधीच्या बी४५० बोर्डांना असे अद्यतन लागले. ते चालू असताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. जिथे वीज बेभरवशाची आहे तिथे यूपीएस असल्याखेरीज हे काम हाती घेऊ नये.

पेनड्राइव्ह

विंडोजची आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केल्याने तो बूट होत नाही. आतली रचना उलगडून लिहावी लागते. त्यातही एक अडचण आहे. यूईएफआय या नव्या पद्धतीच्या फर्मवेअरला खात्रीने वाचता येणारी फाइल-रचना फॅट३२ आहे आणि तिच्यात एका फाइलचा आकार ४ गिगाबाइटपर्यंतच असू शकतो. विंडोजची मुख्य फाइल अनेकदा त्याहून मोठी भरते. रूफससारखी साधने एनटीएफएसवर मजकूर ठेवून शेजारी एक छोटे बूट-पार्टिशन बनवतात, आणि अडचण सुटते. आयएसओ इंटरनेटवरून उतरवताना बिघडली असेल, तर एसएचए-२५६ ची बेरीज ताडून ते लगेच कळते. ही तपासणी सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त वेळा टाळली जाते.

एमबीआर, जीपीटी आणि बूट मेन्यूतल्या दोन ओळी

‘या डिस्कवर विंडोज टाकता येणार नाही’ अशा अर्थाचा संदेश आला की डिस्क खराब आहे असा समज होतो. वास्तविक फर्मवेअर आणि डिस्कची नोंदवही यांचे जुळत नसते. डिस्कचे विभाग कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात हे लिहून ठेवण्याच्या दोन पद्धती आहेत. एमबीआर ही १९८३ च्या पीसी-डॉस २.० पासूनची. तिच्यात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचा आहे आणि सेक्टर ५१२ बाइटचा, त्यामुळे सुमारे २.२ टेराबाइटच्या पुढची जागा तिला दाखवताच येत नाही. मुख्य पार्टिशनही चारच. जीपीटी यूईएफआयबरोबर आली. ती आपली एक प्रत डिस्कच्या शेवटी राखून ठेवते आणि विंडोजमध्ये १२८ पार्टिशन धरू शकते.

विंडोजचा नियम साधा आहे: इन्स्टॉलर यूईएफआय पद्धतीने सुरू झाला असेल तर डिस्क जीपीटी हवी, जुन्या बायॉस पद्धतीने सुरू झाला असेल तर एमबीआर. गोंधळ होतो तो बूट मेन्यूत. सीएसएम ही जुनी पद्धत चालू ठेवणारी सोय सुरू असेल, तर एकच पेनड्राइव्ह तिथे दोनदा दिसतो: एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ असलेला, एकदा नुसता. नुसती ओळ निवडली की इन्स्टॉलर जुन्या पद्धतीने उठतो आणि नव्याकोऱ्या जीपीटी डिस्कलाही नकार देतो. अशा वेळी डिस्कला हात लावण्याचे कारण नाही. मागे जाऊन दुसरी ओळ निवडली की काम होते.

उलट, जुन्या संगणकातून काढलेली एमबीआर डिस्क नव्या बोर्डावर लावली असेल तर तिची नोंदपद्धत बदलावी लागते. इन्स्टॉलरमध्ये शिफ्ट आणि एफ१० दाबले की काळी खिडकी उघडते. तिथे ‘डिस्कपार्ट’ सुरू करून ‘लिस्ट डिस्क’ने यादी पाहायची, ‘सिलेक्ट डिस्क’ने क्रमांक निवडायचा, मग ‘क्लीन’ आणि ‘कन्व्हर्ट जीपीटी’. ‘क्लीन’ त्या डिस्कवरची सगळी पार्टिशन विचारणा न करता पुसते. यादीत डिस्कचे नाव येत नाही, ओळखायला मुख्यतः क्रमांक आणि आकारच असतो. सारख्या क्षमतेच्या दोन डिस्क असतील तर नको असलेली आधी सोडवून ठेवणे हाच भरवशाचा मार्ग.

डिस्क यादीतच नसणे

डिस्क बायॉसमध्ये दिसते, इन्स्टॉलरमध्ये दिसत नाही. फर्मवेअर स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्क वाचते. विंडोजने सूत्रे घेतल्यावर तिला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून व्हीएमडी ही सोय सुरू असेल तर एनव्हीएमई डिस्क तिच्या मागे जाते आणि इन्स्टॉलरची यादी रिकामी राहू शकते. इंटेलचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवून ‘लोड ड्रायव्हर’ने द्यावा, किंवा अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या रेडची गरज नसल्यास व्हीएमडी बंद करावी. हा निर्णय विंडोज टाकण्याआधीच घ्यायचा असतो. नंतर बदल केला तर विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही आणि निळा पडदा येतो. ड्रायव्हर नसण्याच्या याच कारणाने २०१५ च्या स्कायलेक बोर्डांवर विंडोज ७ टाकणाऱ्यांचा कीबोर्ड बायॉसमध्ये चाले आणि इन्स्टॉलरमध्ये मरे: त्या बोर्डांवर जुना यूएसबी २ नियंत्रक उरला नव्हता आणि यूएसबी ३ चा ड्रायव्हर विंडोज ७ मध्ये नव्हता.

डिस्क बायॉसमध्येही नसेल तर प्रश्न जोडणीचा आहे. एम.२ च्या काही खाचांना फक्त साटा चालते, काहींना फक्त एनव्हीएमई. काही खाचा भरल्या की एखादे साटा पोर्ट बंद पडते. मदरबोर्डच्या पुस्तिकेत याचा तक्ता असतो.

फाइली उतरवताना थांबणे

येथे एक निरीक्षण फार उपयोगी पडते. प्रत्येक वेळी त्याच टक्क्यावर अडत असेल तर संशय पेनड्राइव्हवर. दर वेळी वेगळ्या टक्क्यावर, वेगळ्या संदेशाने अडत असेल तर रॅमवर. ८००७०५७० हा त्रुटीक्रमांक फाइल बिघडल्याचे सांगतो, पण चांगली फाइलही रॅममधून जाताना बिघडू शकते. अशा वेळी एक्सएमपी किंवा एक्स्पोवर संशय घ्यावा; ही रॅमला तिच्या मूळ प्रमाणित गतीपेक्षा जास्त वेगाने चालवणारी सोय आहे, आणि तिची चाचणी एका पाकिटातल्या जोडीपुरतीच झालेली असते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एक स्टिक आज आणि दुसरी चार महिन्यांनी आणली, तर छापील गती तीच असूनही आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात. एक्सएमपी बंद करून पुन्हा प्रयत्न करावा. तरीही अडले तर एकच स्टिक ठेवून पाहावे. दोन स्टिक असतील तर त्यांची जागा चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून थेट चालतो. त्यात एकही चूक निघाली तर तिचा उलगडा होईपर्यंत पुढे जाण्यात अर्थ नाही.

विंडोज ११ च्या अटी

५ ऑक्टोबर २०२१ ला आलेल्या विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि सिक्युअर बूटची क्षमता लागते. वेगळी चिप घ्यावी लागत नाही. इंटेलमध्ये पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम या नावाने ती प्रोसेसरबरोबरच येते, फक्त बायॉसमध्ये सुरू करावी लागते. सिक्युअर बूटसाठी सीएसएम बंद करावे लागते, आणि जुन्या ग्राफिक्स कार्डात यूईएफआयची सोय नसेल तर त्यानंतर पडदाच काळा होतो. मग सीमॉस, म्हणजे बायॉसच्या साठवलेल्या मांडण्या, पुसून पूर्वस्थितीला यावे लागते.

नेटवर्कवर अडणे

नव्या बोर्डावरचे लॅन किंवा वायफाय इन्स्टॉलर पुष्कळदा ओळखत नाही, आणि विंडोज ११ तर सहसा इंटरनेटशिवाय पुढे सरकू देत नाही. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केले की बहुतेकदा पुरते, कारण त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो.

पुन्हा सुरू झाल्यावर

पहिल्या रीस्टार्टनंतर सुरुवातीचाच पडदा आला तर फर्मवेअर पुन्हा पेनड्राइव्हकडे गेलेले असते. तो काढून घ्यावा. दोन डिस्क जोडून ठेवल्याने होणारा दोष मात्र उशिरा कळतो. जुन्या डिस्कवर बूट-फाइलींचे आधीचे ईएफआय पार्टिशन असेल तर इन्स्टॉलर नवा बूटलोडर तिथेच ठेवू शकतो. विंडोज नव्या डिस्कवर, तिची किल्ली जुन्या डिस्कवर. आणि सहा महिन्यांनी जुनी डिस्क काढली की संगणक उठत नाही. तेव्हा नव्या डिस्कवर ईएफआय पार्टिशन बनवून ‘बीसीडीबूट’ या आज्ञेने बूट-फाइली पुन्हा लिहाव्या लागतात. विंडोज टाकताना एकच डिस्क जोडलेली असेल, तर हे काम निघतच नाही.