शेलारमामांची नाडी आणि आपलं घड्याळ

तानाजी मालुसऱ्यांची समाधी पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला आहे. १६७० साली कोंढाण्यावर त्यांच्या सोबतीला असलेले शेलारमामा तेव्हा ऐंशीचे होते, असं परंपरा सांगते. आजच्या मनगटी घड्याळाने ‘२२० वजा वय’ करून मामांना सांगितलं असतं : तुमची कमाल नाडी मिनिटाला १४०!

हे सूत्र १९७१चं. त्यासाठी वेगळा प्रयोग झालाच नव्हता, हाती असलेल्या थोड्या आकड्यांवरून काढलेला तो अंदाज. २००१ साली तनाका आणि सहकाऱ्यांनी नवं सूत्र मांडलं : वयाला ०.७ ने गुणा, येईल ते २०८ मधून वजा करा. मामांची मर्यादा लगेच १५२ वर जाते! चाळिशीला दोन्ही सूत्रं १८० वर जुळतात, पुढे जुनं सूत्र आपल्याला कमी लेखत जातं. तरी दोन्ही सरासरीच. एकाच वयाच्या दोघांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो.

खरी गंमत ‘झोन’ची, म्हणजे व्यायामात नाडी कमालीच्या किती टक्क्यांवर ठेवायची त्या पट्ट्याची. पन्नाशीचा माणूस, जुन्या सूत्राने कमाल १७०. त्याचे ६० टक्के १०२. पण फिनलंडच्या कार्व्होनेन यांची रीत वेगळी : कमाल नाडीतून विसाव्याची नाडी वजा करायची, उरलेल्याचे ६० टक्के काढायचे आणि विसाव्याची नाडी परत मिळवायची. विसाव्याला ७० ठोके असतील, तर उत्तर १३०. टक्के तेच, ठोके २८ जास्त! म्हणून घड्याळ कोणती रीत वापरतं, ते आधी बघा.

कोकणातल्या दमट उन्हात घाम वाळत नाही. अंग थंड ठेवायला त्वचेकडे जादा रक्त धाडावं लागतं, म्हणून चाल तीच राहूनही ठोके वाढतात. उलट, बीटा-ब्लॉकर गोळ्या नाडी दाबून ठेवतात. त्या घेणाऱ्यांनी सूत्रं सोडूनच द्यावीत.

पाखाडी चढताना आकड्यापेक्षा बोलण्यावर माझा जास्त भरवसा आहे. सोबत्याशी पूर्ण वाक्यं बोलता येतात? मग चाल बेताची आहे. दोन-चार शब्दांतच धाप लागते? झोन वरचा, वेग कमी करा. मध्यमवयात आठवड्याचा बहुतेक व्यायाम गप्पांच्या चालीतच व्हावा.

आणि छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी असं काही झालं, तर घड्याळ काहीही दाखवो, तिथेच थांबा आणि लगेच दवाखाना गाठा.