रेषेला खेटून बसा!

वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर. कॉलेजचे सामने यांपैकी कुठेही असोत, गर्दी चुन्याच्या रेषेला खेटून उभी राहते. पंच मागे सरकवतात, दोन मिनिटांत गर्दी पुन्हा पुढे! अमेरिकेतली विद्यापीठं नेमकी हीच जवळीक मिळवायला बास्केटबॉलची अवाढव्य सभागृहं बांधतात. तिथल्या आणि आपल्याकडच्या काही भन्नाट गोष्टी ऐका.

बसायला जागाच नाही. बास्केटबॉल ऑलिम्पिकमध्ये पदकाचा खेळ म्हणून पहिल्यांदा आला तो 1936 साली, बर्लिनला. अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या मैदानात, धो धो पावसात. चिखलात चेंडू टप्पाच घेईना. अमेरिकेने कॅनडाला हरवलं, तेही 19-8 असं! खुर्च्या नव्हत्याच, हजारेक प्रेक्षक भिजत उभे होते. वऱ्हाडी माणसाने हे बर्लिन विसरू नये, कारण त्याच ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. आज वाशिमची कॉलेजं ज्या अमरावती विद्यापीठाखाली येतात, त्याच गावची ही मंडळी.

फळी आली प्रेक्षकांमुळे. जेम्स नाइस्मिथ यांनी 1891 च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत फळांच्या टोपल्या ठोकल्या त्या सज्जाच्या कठड्याला. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून रिंग आजही दहा फुटांवरच. पण सज्जात बसलेले उत्साही लोक हात घालून चेंडू अडवायचे, नाहीतर आपल्या संघाचा चेंडू आत ढकलायचे. त्यांना आवरायला टोपलीमागे आडोसा लावला, आणि खेळाडूंनी त्यावरूनच चेंडू उसळवून गुण मिळवायला सुरुवात केली.

आधी छप्पर, मग खड्डा. मला सगळ्यात जास्त आवडलेलं मैदान न्यू मेक्सिको विद्यापीठाचं, अल्बुकर्की शहरातलं. नावच ‘द पिट’, म्हणजे खड्डा. 1966 साली ते बांधताना आधी वरचं छप्पर उभारलं आणि मग त्याखाली माती उपसली. खेळाची फरशी रस्त्यापेक्षा 37 फूट खाली आहे. आत शिरलात की तुम्ही सगळ्यात वरच्या रांगेत असता आणि सामना पायाशी चाललेला असतो. आवाज खालीच कोंडतो. पाहुण्या संघाला तो चारी बाजूंनी झेलावा लागतो.

पण ही युक्ती महाराष्ट्राने त्याआधी अर्धशतक करून दाखवली होती! राजर्षी शाहू महाराज 1902 साली युरोपला गेले, तेव्हा त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. पुढे कोल्हापुरात खासबाग मैदान उभं राहिलं, 1912 साली. मधोमध आखाडा आणि त्याच्याभोवती गोल चढत जाणारी बैठक. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पुढच्याचा फेटा आड येत नाही, डाव स्वच्छ दिसतो. छप्पर नाही, लिफ्ट नाही, गुबगुबीत खुर्च्या नाहीत. आपल्या जिल्ह्याच्या कॉलेजांनी नकाशा मागवायचा तर खासबागचा मागवावा असं मला मनापासून वाटतं. उतार पाहून कोर्ट आखायचं आणि दोन्ही लांब बाजूंना पायऱ्या बांधायच्या. बास्केटबॉलचं मैदान 28 बाय 15 मीटरचं, पुरुषांच्या कबड्डीचं 13 बाय 10. त्याच पायऱ्यांवरून दोन्ही खेळ दिसतील.

चांगल्या जागा पोरांना. ड्यूक विद्यापीठाचं कॅमरन सभागृह 1940 चं, जेमतेम 9,314 जणांचं. मोठ्या देणगीदारांना वरच्या खुर्च्या आणि विद्यार्थी थेट कोर्टाच्या कडेला! रेषेबाहेरून चेंडू आत टाकणाऱ्याच्या पाठीला त्यांचे हात लागतील इतके जवळ. त्या जागांसाठी पोरं-पोरी सभागृहाबाहेर तंबू ठोकून राहतात. व्हँडरबिल्ट विद्यापीठात तर कोर्ट नाटकाच्या रंगमंचासारखं उंचावर आहे, आणि दोन्ही संघांचे बाक नेहमीसारखे बाजूला नसून रिंगमागे, टोकांना.

आवाजाचा विक्रम. कॅन्सस विद्यापीठाच्या ॲलन फील्डहाउसमध्ये फेब्रुवारी 2017 मध्ये 130.4 डेसिबल आवाज मोजला गेला. सभागृहातल्या गर्दीच्या गोंगाटाचा तो गिनेस विक्रम ठरला.

मुंबईचा घुमट. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये 26 जुलै 2014 रोजी प्रो कबड्डीची पहिली चढाई झाली. तिथेच 4 ऑक्टोबर 2019 ला अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, म्हणजे एनबीएचा, भारतातला पहिला सामना रंगला, सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. त्या दिवशी प्रेक्षक होते तीन हजारांवर शाळकरी मुलं-मुली. जादा वेळेपर्यंत ताणलेला तो सामना पेसर्सने 132-131 असा एका गुणाने जिंकला. पहिल्यांदा बास्केटबॉल पाहणाऱ्या पोरांना याहून चांगली मेजवानी कुठली!

दहाव्या गुणापर्यंत चूप. इंडियानातल्या टेलर विद्यापीठात दर डिसेंबरात एक सामना असा होतो, की आपल्या संघाचा दहावा गुण होईपर्यंत कोणी तोंड उघडत नाही. विद्यार्थी चित्रविचित्र वेशात येतात, गप्प बसतात, आणि दहावा गुण पडला की अख्खं सभागृह कोर्टावर उतरून नाचतं.

ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या पोरांची तऱ्हा वेगळी. पाहुणा खेळाडू फ्री थ्रोला उभा राहिला की रिंगमागे ते पडदा धरतात आणि ऐन क्षणी सरकवतात. जानेवारी 2016 मध्ये पडद्याआडून पोहण्याच्या चड्डीत, गळ्यात पदकं घालून खुद्द ऑलिम्पिक जलतरणपटू मायकेल फेल्प्स बाहेर आला. समोरच्या खेळाडूचे दोन्ही फ्री थ्रो चुकले.