घरचा संगणक, ग्राफिक्स कार्ड आणि चित्रकला : आधी काय घ्यावे?



दिवाळीच्या सुट्टीआधी माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई शाळेत भेटायला आली. घर लालबागच्या चाळीत, मुलगी आठवीत. चित्रकलेत हात छान. गणपतीच्या आधी परळ-लालबागच्या कार्यशाळांबाहेर उभी राहून मूर्तीच्या डोळ्यांची आखणी बघत बसते. आई म्हणाली, "बाई, यांचा बोनस आलाय. हिला कॉम्प्युटरवर चित्रं काढायचीयेत. आमचा मोठा म्हणतो, त्याला ग्राफिक्स कार्डच लागतं. घेऊ का?"

घरात संगणक होता, चार जीबी रॅमचा, जुना. कार्डाला बोनसमधला मोठा भाग जाणार होता. मी म्हटलं, "दोन दिवस थांबा, आधी बघू या." माझ्या भाच्याने नुकतेच लॅमिंग्टन रोडवरून नवे कार्ड आणून त्याच्या गिरगावच्या घरी बसवले होते. त्याचाही संगणक साधारण तसाच. रविवारी आम्ही तिघी तिकडे गेलो. तिथे जे पाहिले ते आज सांगते.

ग्राफिक्स कार्ड काय करते?

पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे असते. आजच्या साध्या मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २०,७३,६००. हे सगळे ठिपके सेकंदाला साधारण ६० वेळा नव्याने दाखवले जातात. प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवून तो पडद्याकडे पाठवायचा, हे ग्राफिक्सच्या चिपचे काम. खेळांमध्ये तर झाडे, रस्ते, सावल्या यांचे गणित क्षणाक्षणाला नव्याने करावे लागते. प्रोसेसर हा एकटा हुशार विद्यार्थी समजा, तर ग्राफिक्स चिप म्हणजे सोपी गणिते एकाच वेळी सोडवणारा अख्खा वर्ग.

मोठ्या भावाचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. एके काळी पडद्यावर रंग दिसायचे तेच कार्डामुळे. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या सीजीए कार्डावर ३२० गुणिले २०० ठिपक्यांच्या चित्रात एका वेळी फक्त ४ रंग वापरता येत. १९८७ च्या व्हीजीएमध्ये तेवढ्याच ठिपक्यांत २५६ रंग आले. आज साधा संगणकही १,६७,७७,२१६ रंगछटा दाखवू शकतो, कारण बहुतेक प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सची चिप असते. म्हणजे "चित्रासाठी कार्ड हवेच" ही समजूत जुन्या काळातून आली. काळ बदलला, समजूत मात्र तशीच राहिली.

रंगकामाचे सॉफ्टवेअर काय करते?

पेंट आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे. ते १९८५ साली विंडोजच्या पहिल्या आवृत्तीबरोबर आले. आम्ही मात्र क्रिटा वापरून पाहिले. ते मोफत आहे आणि खास चित्रकारांसाठी बनवलेले आहे. त्यात पेन्सिल, जलरंग, स्प्रे अशी कितीतरी साधने आहेत. मुलीने स्प्रे ओळखला : "बाई, हे कारखान्यातल्या स्प्रे गनसारखं आहे!"

यातली सर्वांत महत्त्वाची सोय म्हणजे थर, म्हणजेच लेयर. एकावर एक पारदर्शक कागद ठेवावेत तसे. खालच्या थरावर रेखाटन, वर रंग, त्यावर सावली. रंग चुकला तरी रेखाटन शाबूत राहते. कल्पना जुनीच आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तिथली चित्रे अशीच छापली जात. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, आणि एकावर एक छापत पूर्ण चित्र. पेंटमध्ये थरांची सोय यायला मात्र २०२३ साल उजाडले.

आम्ही काय पाहिले?

आधी मॉनिटरची केबल नव्या कार्डाला जोडली. मग कार्ड काढून केबल संगणकाच्या मूळ पोर्टला लावली आणि तेच चित्र पुन्हा काढले. (कार्ड बसवले तर केबल कार्डालाच जोडा. जुन्या जागी राहिली तर कार्डाचा उपयोग होत नाही. अशी घरे मी पाहिली आहेत.)

रेघ ओढताना दोन्ही वेळा काहीच फरक जाणवला नाही. क्रिटामध्ये ब्रशच्या फटकाऱ्याचे गणित मुख्यतः प्रोसेसर करतो. मोठे चित्र जवळ आणताना, फिरवताना कार्डावर ते लोण्यासारखे हलले, मूळ चिपवर थोडे अडखळले. कार्डाचा फायदा तेवढाच दिसला.

थर वाढवत गेलो तसे मात्र दोन्ही वेळा संगणक रखडला. का? ए-फोर कागद छपाईच्या दर्जाने घेतला तर त्यात २४८० गुणिले ३५०८, म्हणजे जवळपास ८७ लाख ठिपके होतात. एका ठिपक्याला ४ बाइट धरले तर पूर्ण रंगवलेला एक थर सुमारे ३५ एमबीचा. असे २० थर म्हणजे ७०० एमबी. शिवाय मागे जाण्याची सोय हवी म्हणून आधीच्या पायऱ्याही लक्षात ठेवाव्या लागतात. चार जीबीतला बराचसा भाग विंडोजच घेते, मग जागा उरणार कुठून? भाच्याने रॅम वाढवून आठ जीबी केली आणि तेच चित्र सरळ चालले.

पण मुलीचा चेहरा खरा खुलला तो पेन टॅब्लेट हातात घेतल्यावर. माउसने काढलेला डोळा साबणाच्या वडीसारखा दिसत होता. पेनवर दाब दिला की रेघ जाड, हात हलका केला की बारीक. दहाव्या प्रयत्नात गणपतीच्या भुवईची रेघ टोकाला निमुळती झाली. आई इतका वेळ गप्प होती, तेव्हा म्हणाली, "आता हिचा हात दिसतोय."

मग कार्ड कोणी घ्यावे?

त्रिमिती चित्रे, अ‍ॅनिमेशन, व्हिडिओ संकलन करायचे असेल तर कार्ड खरोखर उपयोगी. ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये अंतिम चित्र तयार व्हायला लागणारा वेळ त्याने बराच कमी होतो. पण घेण्याआधी तीन गोष्टी बघा : मदरबोर्डवर योग्य स्लॉट आहे का, कॅबिनेटमध्ये कार्ड मावते का, आणि एसएमपीएसला तेवढा भार पेलतो का. नाहीतर कार्डामागून आणखी खर्च लागतो.

साध्या चित्रकलेसाठी माझा क्रम असा : पहिले मोफत सॉफ्टवेअर, दुसरा पेन टॅब्लेट, तिसरी रॅम. कार्ड सर्वांत शेवटी. आणि वही-पेन्सिल सुटता कामा नये. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षेत मुलांना कागदावरच काढायचे असते. तिथे चुकलेली रेघ बटण दाबून मागे जात नाही.

त्या घरी शेवटी साधा पेन टॅब्लेट आणि रॅम आली, तीही कार्डापेक्षा बऱ्याच कमी खर्चात. उरलेले पैसे आईने बाजूला ठेवले. मोठा भाऊ आठवडाभर घुश्शात होता. कार्ड त्याला गेमसाठी हवे होते, हे त्याने नंतर कबूल केले!

पालकहो, मुलांनी एखादी महागडी वस्तू मागितली तर लगेच हो किंवा नाही म्हणू नका. "याने तुझ्या कामात नेमकं काय बदलेल?" एवढे विचारा आणि शक्य असेल तर ती कुणाकडे तरी वापरून बघा. आमचा एक रविवार गेला, पण बोनस वाचला.