एका पाण्यात दोघे, पण केव्हा?

मंडळी, आमच्या जाफराबादला केळणा आणि पूर्णा या दोन नद्या एकमेकींना मिळतात. माझं लहानपण या काठावर गेलं. पहिल्या पुराचं गढूळ पाणी आलं की भोई मंडळी जाळी घेऊन निघायची आणि आम्ही पोरं त्यांच्या मागे. जाळ्यात एकाच जातीचा मासा कधी यायचा नाही, सगळी सरमिसळ. नदीत सगळे एकत्र वाढतात, तर तळ्यात का वाढू नयेत, असं तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं होतं.

माझा भाचाही याच समजुतीत होता. कापूस-सोयाबीनच्या जोडीला त्यानं शेततळ्यात मासे सोडायचं ठरवलं. वाढलेली पिल्लं महाग पडतात, म्हणून बारीक बी आणून आपणच वाढवू म्हणाला. शेततळ्याशेजारी गुंठाभराचं छोटं तळं केलं. त्यात कटल्याचं बी सोडलं आणि आठ दिवसांनी त्याच पाण्यात रोहूचं. तीन आठवड्यांनी जाळं ओढलं, तर कटल्याची थोडी पिल्लं टपोरी आणि रोहूची अगदी मोजकी, तीही काडीसारखी. आपा म्हणाली, "पैसे पाण्यात गेले." तिच्या बोलण्यात विनोद नव्हता. ते पैसे रब्बीच्या बियाण्यासाठी ठेवलेले होते.

चूक कुठे झाली, ते शोधायला मी पुस्तकं चाळली आणि जाणकारांना विचारलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

कटला, रोहू आणि मृगळ हे आपले मुख्य मासे. मोठेपणी त्यांची ताटं वेगळी असतात. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात, तर मृगळ तळाशी. म्हणून मोठ्या तळ्यात तिघे सुखानं नांदतात. पण अंड्यातून निघाल्यावर तीन-चार दिवसांचं पिल्लू असतं सहा ते आठ मिलिमीटरचं. जिऱ्याएवढं, म्हणून त्याला 'मत्स्यजिरे' म्हणतात. या वयात तिघांचंही अन्न एकच, पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी. ताट एक आणि खाणारे हजारो! त्यात एक आठ दिवसांनी मोठा असेल, तर धाकट्याच्या वाट्याला काय राहणार? आमच्याकडे नेमकं हेच झालं.

पूर्वी हा प्रश्न आपल्या हातात नव्हता. हे मासे साचलेल्या तळ्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. त्यामुळे बी नदीतून गोळा करावं लागे आणि ते मिसळलेलंच येई. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुळ इथं डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाला पियूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावली. तेव्हापासून एकेका जातीचं शुद्ध बी मिळण्याची वाट मोकळी झाली. 10 जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात, तो याचसाठी.

आता रीत ऐका. पहिले पंधरा-वीस दिवस एका तळ्यात एकच जात. गुंठ्याला तीस ते पन्नास हजार जिरे पुरेत. त्याआधी पाण्यात अन्न तयार हवं. गुंठ्याला साडेसात किलो शेंगदाण्याची पेंड, दोन किलो शेण आणि अर्धा किलो सुपर फॉस्फेट असा हिशेब धरावा. यातला निम्मा भाग कालवून दोन-तीन दिवस आधी टाकावा, उरलेला पुढे थोडा थोडा. शेततळ्यात प्लॅस्टिकचा कागद असेल तर तळाला माती नसते, म्हणून ही तयारी टाळून चालत नाही.

दुसरा शत्रू पाणकिडे. ते कोवळी पिल्लं पकडून खातात. पण त्यांना श्वासासाठी वर यावं लागतं. बी सोडण्याच्या आदल्या दिवशी, वारा नसताना, गुंठ्याला सुमारे 560 ग्रॅम खाद्यतेल आणि 180 ग्रॅम स्वस्त साबण पाण्यात घोटून शिंपडावा. तेलाचा तवंग पसरतो आणि किडे गुदमरतात. बी आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवावी आणि मगच सोडावी. खाद्य म्हणून पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात, वस्त्रगाळ करून, सकाळ-संध्याकाळ. लाख जिऱ्यांना पहिले पाच दिवस रोज 600 ग्रॅम, नंतर दुप्पट. एवढं करूनही शंभरातली तीस-चाळीस जगली तरी नीट झालं समजायचं.

पिल्लू इंचभर झालं की त्याची चव बदलू लागते. रोहू वनस्पतीकडे वळतो, कटला वरच्या थरात सूक्ष्म प्राणीच टिपत राहतो. आता दोघांना एका तळ्यात आणावं. गुंठ्याला हजार ते तीन हजार, आणि आकार शक्यतो सारखा. दोन-तीन महिन्यांत बोटाएवढी, म्हणजे तीन-चार इंचांची बोटुकली तयार होते. जोडी मात्र पाहून जमवावी. मृगळ आणि सायप्रिनस दोघेही तळाशी चरणारे, ते एकमेकांच्या तोंडचा घास काढतात.

भाच्यानं पुढच्या पावसाळ्यात गुंठ्याच्या तळ्यात मधोमध बांध घातला. एका बाजूला कटला, दुसऱ्या बाजूला रोहू. पिल्लं इंचभर झाल्यावर त्यातली मोजून शेततळ्यात एकत्र सोडली. दिवाळीच्या सुमारास जाळं ओढलं, तेव्हा आपा काठावर येऊन बसली होती. दोन्ही जातींची बोटुकली पाटीत उड्या मारत होती. तिनं पाटीत हात घालून पाहिलं आणि विचारलं, "औंदा बियाणं कुठलं घ्यायचं रे?"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)