कोथिंबीर पेरायची, पण केव्हा?

मे महिन्यात जुडीचे भाव कडाडले की घरोघरी कुंडीत धणे पडतात. नेमकी तीच वेळ सर्वांत वाईट. ‘कोथिंबीर काय, बारा महिने येते’ हा समज मंडईने करून दिला आहे. मंडईतली उन्हाळी कोथिंबीर मात्र शेडनेट आणि पाण्याचा खर्च सोसून, भावाच्या आशेवर जोखीम घेऊन पिकवलेली असते.

मुळात हे थंड हवेचं पीक. साधारण 15 ते 25 अंश तापमानात ते खुशीत वाढतं. पुणे-नाशिककडे दसऱ्यानंतर पेरायला हरकत नाही. मुंबई-कोकणात आणि विदर्भात ऑक्टोबरचा उकाडा ओसरू द्यावा, दिवाळीनंतर पेरावं. तिथून जानेवारी अखेरपर्यंत हंगाम आपलाच.

‘पाणी कमी पडलं म्हणून फुलावर आली,’ असं अनेकजण म्हणतात. पाण्याच्या ताणाने फुलोरा लवकर येतो हे खरं, पण मुख्य कारण ऊन आणि लांबत जाणारा दिवस. मधला दांडा वर सरकला, पानं शेपूसारखी बारीक झाली, की शेंडा खुडूनही ते थांबत नाही. पाणी वाढवलं तर मुळंच कुजायची. अशी रोपं उपटू नका. फुलांवर मधमाश्या येतात आणि पुढे हिरवे धणेही मिळतात. ते चटणीत घालून पाहा, फार सुरेख लागतात.

पावसाळ्याबद्दलही असाच गैरसमज आहे. पाऊस म्हणजे पेरणी, हे भात-बाजरीला ठीक. कोथिंबिरीची कोवळी रोपं संततधारेत बुडापासून कुजून आडवी होतात. पेरायचीच असेल तर छपराखाली, पाणी झरझर निघून जाणाऱ्या कुंडीत पेरावी.

‘धणे भरडले नाहीत तर उगवतच नाहीत,’ हेही खरं नाही. अख्खा धणाही उगवतो. पण एका धण्यात दोन बिया असतात. लाटणं हलकेच फिरवून त्याची दोन शकलं केली की बिया सुट्या होतात आणि उगवण एकसारखी होते. भुगा मात्र करू नका. रात्रभर भिजवून एक-दीड सेंटिमीटर खोल पेरा. घरातले धणेही चालतात, फक्त ते भाजलेले किंवा फार जुने नसावेत. आठ-दहा दिवस काही दिसलं नाही म्हणून माती उकरू नका, कधी पंधरवडाही लागतो.

रोपं उपटून दुसरीकडे लावण्याच्या फंदात पडू नये. सोटमूळ दुखावलं की कोथिंबीर लवकर फुलावर येते. त्यामुळे जिथे वाढवायची तिथेच पेरा, आणि सगळे धणे एकदम पेरू नका. कापणीला 35 ते 45 दिवस लागतात. दर पंधरा दिवसांनी एकेक कुंडी पेरत गेलात, तर हिवाळाभर घरची कोथिंबीर पुरेल.