फिलिडिया व्हॅरिकोसा

फिलिडिया व्हॅरिकोसा ही हिंदी व प्रशांत महासागरांतील प्रवाळभित्तींवर आढळणारी, कवच नसलेल्या समुद्री गोगलगायीची एक जाती आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क याने १८०१ मध्ये तिचे वर्णन केले. तिचा प्रसार तांबड्या समुद्रापासून मध्य प्रशांतातील बेटांपर्यंत असून भारतात ती लक्षद्वीप व अंदमान येथे आढळते. तिची लांबी सुमारे ११ सेंमी. पर्यंत भरते.

शरीररचना व ओळख

काळ्या पाठीवर निळसर राखाडी रंगाचे लांबट उंचवटे असतात आणि त्यांवरील गाठींची टोके पिवळी असतात. ‘व्हॅरिकोसा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘फुगलेल्या शिरांची’ असा असून तो या उंचवट्यांना चपखल बसतो. डोक्यावरील वास ओळखणारी दोन शृंगेही पिवळीच असतात. ही गोगलगाय ‘न्यूडिब्रँक’, म्हणजे उघड्या कल्ल्यांच्या गटातील असली, तरी तिचे कल्ले पाठीवर दिसत नाहीत; ते प्रावाराच्या कडेखाली दडलेले असतात.

केवळ वरून घेतलेल्या छायाचित्रावरून जाती ठरविताना पुष्कळदा चूक होते. निर्णायक खूण खाली असते: पायाच्या तळव्यावर मधोमध काळी रेघ. फिलिडिया सेलेस्टिस ही जाती वरून बरीच सारखी दिसते, पण तिच्या तळव्यावर ही रेघ नसते. फिलिडिया एलिगन्समध्ये मात्र ती असते. तेथे पाठीच्या गुलाबीसर छटेवरून फरक करावा लागतो. फिलिडिएला पुस्टुलोसाची शृंगे काळी असल्याने तिच्याबाबत घोटाळा होण्याचे कारण नाही.

विष

ही गोगलगाय स्पंजांवर जगते व दिवसाढवळ्या उघड्यावर फिरते. डिवचल्यास ती उग्र वासाचा चिकट स्राव सोडते. हा स्राव मासे व कवचधारी प्राण्यांना मारक ठरतो, असे रॉबर्ट जोहान्स यांनी १९६३ मध्ये नोंदविले. त्यातील विषारी संयुग हवाई येथील पॉल शॉयर यांच्या गटाने १९७५ मध्ये शोधले. तेच संयुग तिच्या खाद्य स्पंजातही सापडले. म्हणजे विष तिचे स्वतःचे नसून अन्नातून मिळविलेले आहे. ओआहू बेटावरील पुपुकेआ या ठिकाणावरून त्या संयुगाचे नाव पडले.

या संरक्षणाचा लाभ इतरही घेतात. पिअर्सनोथुरिया ग्रेफी या समुद्रकाकडीची पिल्ले रंगाने हुबेहूब अशा गोगलगायींसारखी दिसतात. त्यांच्या डोक्यावर शृंगांची जोडी नसते आणि तोंडाभोवती स्पर्शकांचे कडे असते, एवढे पाहिले म्हणजे फसगत टळते.